ठीक आहे, रद्द करा

गुरुवार, सकाळी साडेदहा. चंद्रज्योती ग्राहक सहकारी संस्थेच्या नेसरी शाखेबाहेर मतदारांची पक्की यादी लागली. केरबा दादू मटकर यांचं नाव तीत नव्हतं. त्यांचे वडील दादू मटकर यांचं होतं. दादू मटकर वारले त्याला सहा वर्षं झाली होती.

केरबांनी बोट धरून यादी वरून खाली वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग शेजारच्याला त्याचं नाव शोधायला लावलं. त्याचंही नव्हतं, त्याच्या चुलत्याचं होतं, आणि त्या चुलत्याच्या दिवसकार्याला तिथं जमलेली निम्मी माणसं जेवून आलेली होती.

"वरनं येत्यात व्हय रं मतदानाला?" मागून कुणी ओरडलं.

"येत्यात की. भाऊसो जीप पाठवणार हाईत."

लोक हसले, पण ते हसणं टिकलं नाही. संस्थेची निवडणूक महिन्यावर आली होती. भाऊसो अध्यक्ष होते आणि नेसरी शाखा सगळी त्यांच्या विरोधी गटाची. मेलेले आत, जिवंत बाहेर, आणि तेही फक्त नेसरीत. याला योगायोग म्हणणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात शोधून सापडला नसता.

शाखेचे व्यवस्थापक बाळासो यांनी दार आतून लावून घेतलं आणि कोल्हापूरला फोन केला.

राजारामपुरीत एका कापडदुकानाच्या वर तीन खोल्यांत सरनोबतांची सॉफ्टवेअर कंपनी होती. फोन श्रुती कुरणेनं उचलला. संस्थेचं काम चार वर्षं तीच बघत होती. कुठल्या शाखेत पावती छापली नाही, कुठं संगणकाचा पडदा अडकला, कुठं सहीचा शिक्का वाकडा आला, सगळे फोन तिच्याकडंच यायचे. हल्ली घंटा वाजली की उचलायच्या आधीच तिचे खांदे दुखायचे.

"म्याडम, तुमच्या प्रोग्रामनं काय केलंय बघा. मेलेली जित्ती केल्यात आणि जित्ती मारल्यात."

"किती जणांची नावं?"

"हिथं मोजत बसू व्हय? लोक दार वाजवाय लागल्यात."

श्रुतीनं नेसरीच्या नोंदी उघडल्या आणि एकेक नाव विचारायला सुरुवात केली. काढून टाकलेलं पहिलं?

"हाय की. दारातच उभा हाय. मला शिव्या द्यायला लागलाय."

ठेवलेलं पहिलं?

"त्ये वारलं. परवाच्या पावसाळ्यात."

काढलेलं दुसरं?

"ही बाई बी हाय. म्हंजे आत्ता मागच्या खिडकीतनं बघालती."

वीसेक नावं झाल्यावर श्रुतीनं विचारणं थांबवलं. एकही बरोबर नव्हतं. आणि तेच तिला खटकलं. माणूस चुकतो तेव्हा दहातली दोन चुकतो, चार चुकतो. इथं प्रत्येक नाव नेमकं उलटं होतं. एवढी शिस्तीची चूक तिनं आजवर पाहिली नव्हती.

ही छाननी दोन आठवड्यांपूर्वीची. कच्ची यादी लागली तेव्हा तीत मेलेले, दुबार आलेले, गाव सोडून गेलेले असे सगळे होते. निवडणूक अधिकाऱ्यांनी ती झाडून घ्यायला सांगितली. मुदत थोडी होती. संस्थेनं सरनोबतांना एक नवा पडदा मागितला: शंका असलेली नावं एकामागून एक यावीत आणि शाखेतल्या ऑपरेटरनं प्रत्येक नावाचा निकाल द्यावा. सरनोबत सकाळी श्रुतीच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "संध्याकाळपर्यंत पाहिजे. नवं काय करत बसू नकोस. खिडकी हाय की तयार, तीच लाव."

खिडकी तयार होती हे खरं. तीही श्रुतीचीच.

त्याचं असं झालं होतं, की एखादी नोंद काढून टाकण्याआधी संगणकानं 'नक्की का?' असं विचारलं पाहिजे. ब्राउझरमध्ये त्यासाठी एक आयता चौकोन मिळतो, खाली दोन बटणं, ओके आणि कॅन्सल. सुरुवातीला श्रुतीनं तोच वापरला होता. पण प्रात्यक्षिकाच्या दिवशी भाऊसोंनी तो पाहिला आणि खुर्ची मागं सरकवली. "यादी मराठीत, पावती मराठीत, आणि शेवटाला बटणं इंग्रजीत? घरचं जेवाण घालून पान शेजारच्याच्यात खायला लावताय व्हय?"

त्या आयत्या चौकोनातल्या बटणांचे शब्द बदलता येत नाहीत. हे भाऊसोंना सांगून उपयोग नव्हता. म्हणून श्रुतीनं स्वतःचीच खिडकी बांधायला घेतली. एकदाच बांधायची आणि प्रोग्राममधल्या कुठल्याही पडद्यावरून बोलवायची; त्या पडद्यानं फक्त प्रश्न द्यायचा आणि होकार आला तर पुढं काय करायचं ते सांगायचं. खिडकी उघडली की मागचा पडदा काळवंडला पाहिजे, म्हणजे माणूस दुसरीकडं कुठं क्लिक करणार नाही. जुन्या एक्सप्लोरर ब्राउझरमध्ये तालुक्या-गावांच्या याद्यांचे रकाने तो काळोख फोडून वर यायचे आणि खिडकीच्या अंगावर बसायचे. त्यांना दाबायला तिनं खाली एक रिकामी चौकट सरकवली. एस्केप दाबलं तर खिडकी बंद झाली पाहिजे. बंद झाल्यावर कर्सर जिथून निघाला तिथंच परत गेला पाहिजे. या सगळ्यात महिना गेला. पाच शाखांत पाच तऱ्हेचे जुने संगणक होते आणि खिडकी प्रत्येकावर सरळ उभी राहिली. श्रुतीला त्या कामाचं समाधान होतं. मनासारखं म्हणता येईल असं काम तिथं फारसं मिळत नसे.

बटणांवरचे शब्द ठरवायला पाच मिनिटंही लागली नव्हती. ओकेला 'ठीक आहे'. कॅन्सलला 'रद्द करा'. कुणी दुसऱ्यांदा वाचलं नाही.

सरनोबतांनी ती खिडकी मग सगळीकडं लावली. एका दवाखान्याच्या कामात लावली, एका शाळेच्या लावली, मंगल कार्यालयाच्या तारखांना लावली. "एकदा शिजवायचं आणि धा पंगती उठवायच्या," असं ते नव्या गिऱ्हाइकाला सांगत.

दुपारी बाराच्या सुमारास दोघं त्यांच्या मारुतीतून नेसरीला निघाली. गडहिंग्लज येईपर्यंत सरनोबत बोलत होते. ऑपरेटर कोण आहे, कुणाच्या शिफारशीनं लागली, तिचा नवरा कुणाच्या गटात. श्रुती खिडकीला डोकं टेकून ऐकत होती. तिला झोप येत होती आणि येत नव्हती.

"विरोधी गटाची असली तर तिनं आपल्याच लोकांची नावं का काढली?" ती शेवटी म्हणाली.

"म्हणून तर. भाऊसोंनी फोडली असंल."

"आणि भाऊसोंची असली तर?"

"मग सरळच हाय की."

 कुठल्याही वाटेनं गेलं तरी गाडी त्या बाईच्याच दारात थांबत होती.

ऑपरेटरचं नाव हाफिजा नाईकवाडी. पस्तिशीची. शाखेत लागण्याआधी ती गडहिंग्लजला टायपिंग शिकवायची, त्यामुळे तिची पाठ ताठ असे आणि कळफलकाकडं ती बघत नसे. बाळासोंनी तिला मागच्या गोदामाच्या खोलीत, साबणाच्या खोक्यांमध्ये बसवून ठेवलं होतं. बाहेर लोक होते. दोघांना आत शिरताना केरबा मटकरांनी सरनोबतांची वाट अडवली.

"पावणं, एक सांगा. आमचा बा आत हाय आणि मी भाईर. मग आता घर त्येच्या नावावर परत करू काय?"

"आण्णा, बघतो आम्ही," सरनोबत म्हणाले.

"बघा की. आणि त्येला म्हणावं, मत देऊन झाल्यावर जरा घराकडं बी येऊन जा."

हाफिजा उठून उभी राहिली. तिनं श्रुतीकडं पाहिलं. सरनोबतांकडं नाही. "म्याडम, मी एक बी नाव न वाचता दाबलो न्हाय. बसून बसून पाय सुजलं. ज्यांची खात्री न्हवती त्यांच्या घराकडं माणूस पाठवलो. इचारा बाळासोस्नी."

बाळासोंनी मान हलवली. माणूस खरंच पाठवला होता.

श्रुतीनं तिला संगणकापाशी नेलं. त्या दिवशी होता तसाच पडदा, चाचणीच्या प्रतीवर, उघडून दिला. "मी नाही असं समजा. त्या दिवशी केलंत तसंच करा. फक्त तोंडानं वाचत जा."

पहिलं नाव आलं. त्यावर खिडकी आली. मागचं सगळं काळवंडलं. मजकूर असा: 'या सभासदाचे नाव यादीतून रद्द करायचे आहे का?' खाली डावीकडं 'ठीक आहे', उजवीकडं 'रद्द करा'.

हाफिजा मोठ्यानं वाचू लागली. "शालूबाई बंडू सुतार. हाईत. काल तेलाचा डबा न्यायला आल्त्या. ठीक आहे." बटण दाबलं. पुढचं नाव आलं. "दादू मटकर. हे वारल्यात. रद्द करा." दाबलं. पुढचं. "चिमणाबाई... ह्या लेकीकडं ऱ्हात्यात इचलकरंजीत, पण कार्ड चालू हाय. ठीक आहे."

श्रुतीनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

 बाहेरून केरबांचा आवाज येत होता.

"ठीक आहे म्हणजे काय समजलात?" श्रुतीनं विचारलं. खरं तर तिला उत्तर कळलेलं होतं.

"म्हंजे माणूस ठीक हाय. ऱ्हाऊ दे. आणि काय?"

"आणि रद्द करा म्हणजे?"

"नाव रद्द करा." हाफिजानं एकदा पडद्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं. "तसं न्हाय व्हय?"

तसं नव्हतं. 'ठीक आहे' म्हणजे हो, काढा. 'रद्द करा' म्हणजे हा प्रश्न रद्द करा, नाव राहू द्या. खिडकी बांधली तेव्हा तिच्याआधी नेहमी एक बटण असायचं, 'नोंद काढा'. ते दाबून आलेल्या माणसाला आपण काय करतोय ते ठाऊक असायचं आणि खिडकी फक्त त्याची बाही धरून 'नक्की?' म्हणायची. छाननीच्या पडद्यावर ते आधीचं बटणच नव्हतं. नाव यायचं आणि खिडकी आपणहून विचारायची. कुणी काही करायला निघालेलंच नसताना ती बाही धरत होती. एका दुपारी, आयती आहे म्हणून, श्रुतीनं ती तिथं आणून बसवली होती.

"पुढचं नाव लगीच येतंय, म्याडम," हाफिजा म्हणाली. "मागचं काय झालं ते दिसतच न्हाय. मला कळणार कसं?"

"नाही कळणार," श्रुती म्हणाली.

सरनोबत तिच्या खुर्चीमागं उभे होते. "पन्हाळ्याला कसं बरोबर आलं मग?"

छाननीला आलेली नावं नेसरी आणि पन्हाळा या दोनच शाखांची होती. पन्हाळा शाखेची यादीही सकाळीच लागली होती, आणि तिच्यात एकही तक्रार नव्हती. पडदा तोच, खिडकी तीच, बटणं तीच. सरनोबतांनी हा प्रश्न परतीच्या वाटेवर तीनदा विचारला आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज थोडा हलका झाला.

गडहिंग्लजला ते जेवायला थांबले. वाढपी पोळ्या-भाकऱ्यांची टोपली घेऊन आला. "साहेब, भाकरी टाकू?"

सरनोबतांच्या तोंडात घास होता. "ठीक हाय, ठीक हाय," ते म्हणाले.

वाढपी पुढच्या टेबलाकडं गेला.

श्रुती बघत राहिली. "सर, भाकरी नको होती तुम्हाला?"

"न्हाय म्हटलं की त्येला."

"तुम्ही ठीक हाय म्हणालात."

"तेच की!" सरनोबत म्हणाले, आणि मग त्यांचा घास जरा वेळ तोंडातच राहिला. "हात आडवा धरलतो की मी."

"खिडकीला हात नाही, सर."

"मग आता खिडकीला हात बसवायचा म्हणतीस?" त्यांनी पाणी प्यायलं. 

पन्हाळ्याच्या ऑपरेटरला, कामिलला, श्रुतीनं शुक्रवारी सकाळी फोन केला. पोरगा हुशार होता, हात चलाख. संस्थेत लागण्याआधी तो शहरात एका सायबर कॅफेत बसायचा.

"कामिल, छाननी करताना खिडकीत काय लिहिलेलं होतं आठवतंय?"

"खिडकी कुणी वाचतंय व्हय, म्याडम? डावं ओके, उजवं क्यान्सल. काढायचं आसंल तर डावं, न्हाय तर उजवं. सगळीकडं आसंच आसतंय की."

"बटणावर मराठीत काय होतं?"

"काय तरी हुतं." तो हसला. "मराठी म्हटल्यावर मी बघतच न्हाय."

पन्हाळ्याची यादी म्हणून बरोबर आली होती. ज्यानं वाचलं नाही त्याचं बरोबर निघालं, जिनं शब्द न् शब्द वाचला तिचं उलटं. श्रुतीनं फोन ठेवला नाही. "हे एवढंच लिहून देशील? वाचलं नाही, जागा बघून दाबलं, असं?"

 मग कामिलचा आवाज बदलला. "मतदारांची यादी न वाचता केली आसं लिहून दिऊ? माझी बी चाकरी जाईल की, म्याडम. मला यात घालू नगासा."

त्याच दिवशी दुपारी संस्थेनं हाफिजाला कामावरून थांबवलं. भाऊसोंनी तिच्याविरुद्ध फिर्याद द्यायचं ठरवलं आहे, असं बाळासोंनी कळवलं. भाऊसोंचीही अडचण होती; विरोधी गट त्यांच्याच नावानं ओरडत होता, आणि त्यांना लवकरात लवकर एक दुसरं नाव पुढं करायचं होतं. त्यांनी कंपनीकडं अहवाल मागितला: प्रणालीत दोष आहे की नाही.

श्रुतीनं तो संध्याकाळच्या आत लिहिला. दोन पानं. खिडकी कशासाठी बनवली, छाननीत ती का चुकीची होती, दोन बटणांचे दोन अर्थ कसे होतात, नेसरीत काय झालं, पन्हाळ्यात काय झालं. शेवटी लिहिलं, की नेसरीच्या सगळ्या नोंदी सरळ उलट करायला एक आज्ञा पुरे, दहा मिनिटांचं काम आहे, परवानगी द्यावी.

सरनोबतांनी उभ्यानं वाचलं. मग बसून परत वाचलं.

"खरं हाय," ते म्हणाले. "म्हणून पाठवता येत न्हाय."

"सर, ती बाई—"

"बाईचं मला कळत न्हाय असं न्हाय, श्रुती. पण हे कागदावर गेलं की उद्या दवाखाना विचारणार. हीच खिडकी तिथं हाय. तिथं काय काय रद्द झालं? शाळा विचारणार. आपल्याला माहीत हाय, काय झालं तिथं?"

श्रुतीला माहीत नव्हतं. कालपासून ती तेच मोजत होती, कुठं कुठं खिडकीच्या आधी बटण आहे आणि कुठं नाही. दवाखान्याच्या कामात दोन ठिकाणी नव्हतं. तिनं ते अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

"एका ठिकाणी चूक म्हटली की धा ठिकाणी चूक," सरनोबत म्हणाले. "पाच माणसं जेवत्यात ह्या तीन खोल्यांवर." त्यांनी संस्थेला तीन ओळींचं पत्र पाठवलं. प्रणाली सर्व शाखांत एकसारखी आहे. पन्हाळा शाखेत तिचा वापर निर्वेध झाला आहे. दोष आढळून आलेला नाही.

शनिवारी आणि रविवारी श्रुती घरी होती. आई, मीनाबाई, तिच्यापुढं ताट ठेवायची आणि ती जेवायची. "गप का आहेस?" असं विचारलं तर कामाचं सांगायची. रविवारी तिनं नवी खिडकी लिहिली. तीत बटणांचे शब्द ठरलेले नव्हते. जो खिडकी बोलावेल त्यानंच ते द्यायचे, दिले नाहीत तर ती उघडणारच नाही. छाननीसाठी तिनं लिहिलं: 'नाव काढा', 'नाव ठेवा'. तिनं मीनाबाईंना खुर्चीत बसवून ते वाचायला लावलं. "हे तर कुणालाही कळंल," त्या म्हणाल्या. "ह्यात काय अवघड होतं एवढं?"

श्रुतीनं संगणक बंद केला.

पुढच्या आठवड्यात कोल्हापुरात निवडणूक अधिकाऱ्यांपुढं सुनावणी झाली. कंपनीतर्फे सरनोबतांनी श्रुतीलाच पाठवलं. "विचारलं तेवढंच बोल," ते म्हणाले, पण तिच्याकडं न बघता. ती काय बोलणार ते त्यांना बहुधा ठाऊक होतं.

खोलीत एका बाजूला संस्थेचा वकील आणि भाऊसो, दुसऱ्या बाजूला विरोधी गटाचा वकील आणि केरबा मटकर. हाफिजा मागच्या बाकावर, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून. कामिलला साक्षीला बोलावलेलं होतं. त्याला विचारलं, खिडकीतला मजकूर वाचून बटण दाबलं का? तो श्रुतीकडं बघत नव्हता. "व्हय साहेब. वाचून."

"अर्थ कळला?"

"व्हय. त्यात न कळण्यासारखं काय हाय?"

भाऊसोंचा वकील खाली बसला. त्याचं काम झालं होतं.

श्रुतीला अधिकाऱ्यांनी विचारलं, प्रणालीत दोष आहे का. ती म्हणाली, आहे. आणि मग तिनं अहवालातलं सगळं सांगितलं, नवी खिडकी तयार केली आहे तेही. दवाखान्याचं सांगितलं नाही. आवाज न चढवता, पावतीचा हिशेब सांगावा तसं. भाऊसो वकिलाच्या कानाशी लागले. विरोधी गटाचा वकील मात्र आधी खूष झाला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की ही मुलगी कट नव्हता असं म्हणते आहे. तो उठला.

"म्हणजे हे सगळं आपोआप झालं? एका शब्दामुळं? साहेब, कोण विश्वास ठेवंल? ह्या म्याडम कुणाच्या सांगण्यावरनं बोलतात ते आधी विचारा."

"मीही तेच म्हणतो," भाऊसोंचा वकील बसूनच म्हणाला. त्या दिवशी दोन्ही गटांचं एकमत झालं ते एवढ्यावरच. चूक कुणालाच नको होती. एकाला कट हवा होता, दुसऱ्याला बाई.

"साहेब," श्रुती म्हणाली, "मी तो पडदा आणलाय. तुम्ही स्वतः एकदा करून बघा. एक जिवंत माणूस येईल. त्याला ठेवायचं आहे. बटण दाबा."

अधिकारी निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ होते. त्यांनी चष्मा लावला आणि माऊस हातात घेतला. पडद्यावर नाव आलं, त्यावर खिडकी. त्यांनी प्रश्न वाचला. बाण डावीकडं सरकला, 'ठीक आहे'वर गेला, तिथं थबकला. मग हळूहळू उजवीकडं निघाला आणि दोन बटणांच्या मधल्या पट्टीत येऊन उभा राहिला.

खोलीत सगळे त्या बाणाकडं बघत होते.

"हरकत आहे," विरोधी गटाचा वकील म्हणाला. "साहेबांनी बटण दाबलं की साहेबच साक्षीदार झाले. मग निकाल देणार कोण?"

"बरोबर आहे," दुसरा वकील म्हणाला.

अधिकाऱ्यांनी माऊसवरचा हात काढला, चष्मा काढला, आणि पुढची तारीख दिली. तोवर यादीला किंवा प्रणालीला कुणीही हात लावायचा नाही, असं सांगितलं. श्रुतीनं नोंदी उलट करायची परवानगी मागितली. त्यावरही पुढच्या तारखेला बघू, म्हणाले. पुढची तारीख मतदानाच्या आदल्या आठवड्यातली होती.

जिन्यात केरबा मटकर भेटले. "पोरी, तू म्हणतीस ते खरं असंल," ते म्हणाले. "पर आमच्या लोकास्नी ते चालायचं न्हाय. चुकून झालं म्हटलं की भांडायचं कुणासंगं?" आणि ते एस.टी. गाठायला निघून गेले.

हाफिजा शेवटी उतरली. तिनं श्रुतीला एवढंच विचारलं, "म्याडम, नवं केलंय म्हणालात, त्यात बटणावर काय घातलाय?" श्रुतीनं सांगितलं. हाफिजानं दोन्ही शब्द हळू म्हणून बघितले आणि मान हलवली.

सोमवारी श्रुती कचेरीत गेली तेव्हा दवाखान्याचं काम तिच्या टेबलावरून हललेलं होतं.   खिडकीआधी बटण नसलेल्या तिथल्या दोन जागांची माहिती तिनं एका कागदावर लिहून सरनोबतांच्या टेबलावर ठेवली. कागद दुपारपर्यंत तिथंच होता. नंतर दिसला नाही.

संस्थेनं मंगळवारी फिर्याद दिली. पोलिसांनी हाफिजाला बुधवारी सकाळी अकराला जबाबासाठी ठाण्यात बोलावलं. त्या दिवशी दुपारी चार वाजता श्रुतीनं बाळासोंना फोन केला. फलकावर यादी आहे तशीच आहे, ते म्हणाले. हाफिजा अजून घरी आलेली नव्हती.